पाठ करून बसणारी माणसं

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५
आवळमाळ उपकेंद्र, ता. मोखाडा

आज जे पाहिलं ते उपकेंद्राच्या कुठल्याच रजिस्टरात लिहिता येणार नाही. रजिस्टरं चौदा आणि रकाने शेकड्यांनी, पण यासाठी एकही नाही. म्हणून ही वही काढली. नवऱ्याने, संदीपने दिली होती, "मनातलं लिहीत जा" म्हणून. आजवर तिच्यात फक्त बाजाराच्या याद्या झाल्या.

संध्याकाळी पाचला भागीआजी दारात येऊन उभी. भागीआजी म्हणजे पाड्याची सुईण आणि झाडपाल्याची जाणकार. मी तीन वर्षं इथे नर्स आहे आणि तीन वर्षं आमचं साप-मुंगसाचं नातं. मी बाळंतिणीला गोळ्या द्यायच्या, हिने मुळ्या उगाळायच्या. ती माझ्या दारात कधी येत नाही.

"बाय, चिमटा घे न् चल. एक पोर हाय. पंजात साळिंदराचा काटा मोडलाय. माझी नजर आता चालत नाय."

"पंजात?"

"चल त मंग, बघशील. न् कोणाला सांगायचा नाय. तुझ्या नवऱ्यालापण नाय."

नाचणीच्या शेतावरून वर चढलो. टेकडीच्या कातळात एक कपार आहे, लाकडं आणायला तिकडे कोणी जात नाही. का जात नाही ते आज कळलं. आमची आशाताई चंदा तिथे आधीच बसलेली. म्हणजे सगळ्या पाड्याला ठाऊक, फक्त सिस्टरला नाही! तीन वर्षं यांच्या पोरांना डोस पाजतेय आणि मी अजून पाहुणीच. मनात राग धुमसत होता तोवर कपारीत नजर गेली आणि राग विसरले.

आत एक बाई होती. उंची माझ्याएवढीच. अंगभर आखूड राखाडी लव, तिच्यावर काळपट पट्टे. कान डोक्यावर, आणि ते सारखे हलत होते. वरचा ओठ मधोमध चिरलेला. कमरेला वाखाचा गोफ. मांडीवर दोन-अडीच वर्षांची मुलगी, तशीच. इथे यांना दबके म्हणतात, दबकत चालतात म्हणून. बाईला भागीआजी 'काळी' अशी हाक मारते.

मी घाबरले. हे इथे कबूल करायला हरकत नाही. पण तो पू भरलेला तळवा पुढे आला आणि मला बाकी काही दिसेना. काटा चांगला बोटभर निघाला. पोर जराही रडली नाही.

काळीचा मात्र मला राग आला. मी पुढे झाले तशी तिने पोर भागीआजीच्या मांडीवर दिली, वळली आणि चक्क माझ्याकडे पाठ करून बसली. मी तिच्या लेकराचा पू काढतेय आणि बाईसाहेब डोंगर बघताहेत! तिच्या बहिणीचीही तीच तऱ्हा. ती कपारीच्या तोंडाशी होती, तिनेही पाठच केली.

पोरीच्या काखेत थर्मामीटर लावला. १०२. पिशवीतून तापाचं पातळ औषध काढलं, तर भागीआजीने मनगट धरलं.

"आपल्या हातचा काय नाय देवाचा. पानीपन नाय. आजे-पणजेपासून हाये असा."

"आजी, १०२ ताप आहे तिला!"

"ताप नाय तो. ती गरमच असतात."

लेकराला पाणीसुद्धा द्यायचं नाही, हा कुठला धर्म? माणसं आहेत ती. कान वर असले म्हणून काय झालं? आमच्याकडे पूर्वी कोणाकोणाला ओंजळीत वरून पाणी घालायचे, त्यातलाच हा प्रकार. मी बाटली पिशवीत परत ठेवली. भागीआजी लेपासाठी मुळी आणायला खाली उतरली आणि चंदा तिच्यामागे गेली, तेवढ्यात अर्धं झाकण औषध पोरीच्या तोंडात घातलं. नारिंगीचा वास असतो त्याला, मुलं आवडीने घेतात. हिने तोंड वाकडं केलं, पण गिळलं.

खाली उतरताना ऐकलं, तिच्या छातीत घरघर सुरू झाली होती. मांजर खुशीत आलं की करतं तशी. आमच्या घरी मांजर कधी नव्हतं, पण एवढं मलाही कळतं. औषध लागू पडलं.

मंगळवारी भेटली म्हणून मी तिचं नाव मंगळी ठेवलं. इथली रीतच आहे ती.


बुधवार, १० सप्टेंबर

उजाडताना आणि दिवेलागणीला, दोनदा वर जाऊन आले. ड्रेसिंगच्या निमित्ताने दोन्ही वेळा औषध दिलं. गुपचूप, कारण भागीआजी घारीसारखी टपलेली असते.

चंदाला खोदून खोदून विचारलं. आता गुपित फुटलंच आहे म्हटल्यावर ती भडाभडा बोलली. दबक्यांच्या बायका बहिणी-बहिणी मिळून राहतात आणि पोरं एकत्र वाढवतात. पुरुष एकेकटे हिंडतात, फाल्गुनात येतात आणि जातात. सगळा दिवस झोप. जाग फक्त पहाटे आणि संध्याकाळी. ओठ चिरलेला असल्यामुळे प, ब, म त्यांना म्हणता येत नाहीत. आपलं बोलणं कळतं, पण उत्तर घशातून येतं. "न् अर्धा बोलना त कानातच असतो, सिस्टर," चंदा म्हणाली. एकमेकींना नावं नाहीत. शिकारीहून आली की काळी आधी गाल कातळाला घासते, मग बहिणीला, मग पोरीला. तो वास हेच नाव. कोणाच्या हाताला कसला वास आहे हे त्या वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

पाड्याचा आणि त्यांचा जुना करार आहे. दबके भाताच्या खाचरांतले उंदीर आणि डुकरांची पिल्लं संपवतात. पाडा त्यांच्या टेकडीवर कुऱ्हाड नेत नाही, धूर करत नाही. याउपर देणं नाही, घेणं नाही.

मंगळीला लटकत्या काट्यावर तोललं, आठ किलो दोनशे. नाडी फार जलद. नखं आत-बाहेर होतात. जीभ कानशीसारखी खरखरीत, तिनेच जखम चाटून साफ करते. एवढं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आणि कोणाला सांगायची सोय नाही! संदीपचा जव्हारहून फोन आला तेव्हा जीभ चावून गप्प राहिले. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्याच्यापासून लपवलेली ही पहिलीच गोष्ट. (त्याच्या बहिणीने दिलेली साडी मी चंदाला दिली ती सोडून.)

काळीच्या बहिणीने, मंगळीच्या मावशीने, तिच्यासाठी लावा पक्षी मारून आणला होता. तिने तोंड फिरवलं. भूक नाही, पण घरघर मात्र सारखी चालू. म्हणजे आराम पडतोय.

काळी आजही पाठ करून. करो बापडी. मी काही तिच्या तोंडाकडे बघून काम करत नाही.


गुरुवार, ११ सप्टेंबर

मंगळीचं तोंड सुजलंय. डोळे मिटत आलेत. चारही पंजे फुगलेत, काटा नसलेलेसुद्धा. हिरड्या पाहिल्या तर कोऱ्या चहासारख्या तपकिरी. लघवीही तशीच काळपट. उभी केली तर कोसळली.

आत कुठेतरी ताप आणि सूज वाढतेय असं वाटून सकाळी औषधाचं पूर्ण झाकण दिलं. दुपारपर्यंत श्वास भात्यासारखा.

मग डोकं चाललं. काट्याची जखम तर सुकत आलीय. बाहेरचं असं तिच्या अंगात दुसरं काय गेलं? भागीआजीचा लेप! कुठली मुळी आहे ती सांगतही नाही. मी तिथेच कडाडले. "विचारल्याशिवाय काहीबाही चोपडता आणि लेकरं हकनाक जातात! किती वेळा सांगितलं असेल मी!"

भागीआजी एक अक्षर बोलली नाही. एरवी मी एक बोलले तर ती चार ऐकवते. आज नुसती माझ्याकडे बघत राहिली, मग मंगळीच्या तोंडापाशी वाकली आणि उठली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मी काळीच्या समोर गेले आणि भागीआजीच्या हातातली मुळी दाखवून सावकाश सांगितलं, "हिच्या लेपाने झालं. हिच्या." कळलं तिला. कान मागे पडले. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काळी तोंड वळवून बसली, भागीआजीकडे. एकटक बघत होती. मी एवढी धडपडतेय तर मला पाठ, आणि जिने केलं तिला मात्र समोरून दर्शन. धन्य आहे!

मंगळी अजून घरघरतेय. तेवढाच आधार.


शुक्रवार, १२ सप्टेंबर

सगळं लिहिते. काही सोडायचं नाही.

सकाळी चंदा धावत आली. भागीआजीची शेळी तिच्याच दारात मरून पडली होती. नरडी दाबलेली, बाकी अंगाला ओरखडा नाही. खाल्लेली नाही, उंबऱ्याशी नीट आडवी ठेवलेली. आणि समोरच्या मोहाखाली काळी, दाराकडे तोंड करून. भागीआजी आत कोंडलेली.

"म्हणजे मान देतेय ना तिला? शेळी आणून ठेवली?" मी विचारलं. हे मी खरंच विचारलं.

चंदा माझ्याकडे बघतच राहिली. "मान? सिस्टर, दबकी ज्याला मारायची, त्याच्याकडंच तोंड करून बसतात. आधी त्याचा जनावर मारतात, दारात ठेवतात. मंग त्याची पाळी. पाठ फक्त आपल्या मानसाला करतात. ह्याच्यापासून मला भेव नाय, असा त्याचा अर्थ."

तीन दिवस ती बाई माझ्याकडे पाठ करून बसत होती.

तरी वाटलं, चूक लेपाचीच आहे, काळीला कसंतरी समजावू. वर गेले. मंगळीजवळ मावशी होती. ती वळली, मला पाठ दिली आणि शेपटासारखा केसांचा झुबका पुढे घेतला. आता त्या पाठीकडे बघवेना. का कोण जाणे, मी थर्मामीटर झटकला आणि मावशीच्या काखेत सरकवला. ती हलली नाही.

१०२.२

मावशीला ना जखम होती, ना आजार. सकाळीच ससा मारून आणला होता तिने.

ती गरमच असतात. भागीआजीने पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं. मंगळीला ताप नव्हताच. मी नसलेल्या तापावर चार वेळा औषध पाजलं होतं.

जीप धरून जव्हार गाठलं. घर डेपोच्या मागेच, पण घरी गेले नाही. सरळ गुरांच्या दवाखान्यात. तिथे लाडक्याभाऊ मलमपट्टीचं बघतात, संदीपच्या ओळखीचे. म्हटलं, "भाऊ, शेजारणीच्या मांजराला ताप आला म्हणून तिने लहान मुलांचं पॅरासिटामॉल दिलं. तोंड सुजलंय."

लाडक्याभाऊंच्या हातातली पट्टी तशीच राहिली. "म्याडम, मांजराला ते औषध म्हणजे ईखच. आपल्या लिव्हरला ते पचतं, मांजराला पचवायची सोयच देवाने दिली नाही. रक्त चॉकलेटी होतं. हिरड्या पाहिल्या?"

"चहासारख्या."

"मग गेलं समजा. किती दिलं?"

"चार वेळा."

"शेजारीण आहे का वैरीण?"

मी म्हटलं, "पण ते घरघरतंय हो. छान घरघरतंय."

"दुखतं तेव्हापण घरघरतं ते, म्याडम. मरतानापण."

डॉक्टरसाहेब जामसरला लसीकरणाला गेले होते. लाडक्याभाऊंनी फोन लावून दिला. साहेबांनी उतारा सांगितला. माणसांना खोकल्यावर देतात ती पाण्यात फसफसणारी गोळी, सोबत क जीवनसत्त्व. वजनावर हिशेब करून दिला तो मी तळहातावर लिहून घेतला. "सोमवार संध्याकाळपर्यंत द्यायचं, एकही पाळी चुकवायची नाही. वाचलं तर वाचलं."

"औषध कोणी पाजलं म्हणालात?" लाडक्याभाऊंनी निघताना पुन्हा विचारलं.

"शेजारणीने," मी म्हटलं. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

दिवेलागणीला पहिला डोस ड्रॉपरने मंगळीच्या गालात सोडला. काळी मोहाखालून उठून आली होती. माझा हात हुंगावा असं तिला वाटलं नाही. आली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.


शनिवार, १३ सप्टेंबर

मंगळी आहे. श्वास थोडा सावकाश. लघवी अजून काळपट.

भागीआजी दुसऱ्या दिवशीही घरात. चंदा पाण्याची कळशी घेऊन निघाली तर काळीने कान पाडले. कळशी अंगणाबाहेरच राहिली. पाड्यातले पुरुष काठ्या घेऊन निघाले होते, त्यांना जुन्या लोकांनीच अडवलं. दबक्यांच्या न्यायात पडायचं नसतं म्हणे. न्याय! आणि न्यायाधीशाला खोटी साक्ष दिली कोणी?

मी खरं सांगायला हवं, आणि लगेच. पण सांगितलं तर काळी मला मंगळीजवळ फिरकू देईल का? अजून सहा डोस आहेत. सांगितलं तर पोर जाईल, नाही सांगितलं तर म्हातारी. नर्सिंगच्या तीन वर्षांत हा पेपर कोणी शिकवला नाही.

दुपारी मागल्या बाजूने भागीआजीच्या घराशी गेले. कुडाच्या फटीतून पाण्याची नळी आत सोडली. तिने पाणी ओढून घेतलं.

"आजी, लेपाने नाही झालं ते. मी..."

"ठावं हाय. नारिंगीचा वास मला पयल्याच दिवशी आलता. पोरीच्या तोंडाला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलली असती त तिनं तुला तिथंच फाडली असती. वाटला, एक बार चुकलीस, आता नाय देशील." तिने नळीतून आणखी पाणी ओढलं. "ईख होता का नाय मला काय ठावं. नाय देवाचा, एवढाच ठावं."

"आणि परवा मी तुमच्यावर ओरडले तेव्हा? तेव्हा तरी?"

"तवा पोरीचा तोंड बघितला ना. म्हटला, आता काय करायचा ता हीच करील, माझ्याकडं त्याचा औषिद नाय. तू उभी रहायला पायजेस. पोर उठू दे पयली, बाय. माझी शेळी गेली, मीपन म्हातारीच हाय."

कुडाला कपाळ टेकून मी रडले. तिला ऐकू गेलं असणार. "रडू नको, डोसाची येळ झाली," ती आतून म्हणाली.

मी हिला तीन वर्षं अडाणी म्हणत आले. कागदोपत्रीसुद्धा.


रविवार, १४ सप्टेंबर (डाव्या हाताने लिहितेय, अक्षर वाईट)

सकाळी मंगळीच्या हिरड्यांवर गुलाबी झाक होती. मी बोट लावून लावून पाहिली. तिने माझं बोट चावलं. मग मावशीने चावून दिलेलं मांस खाल्लं, थोडंच, पण खाल्लं. आणि घरघर बंद! बंद झाली म्हणून मी देवाचे आभार मानले.

आनंदात खाली आले तर काळी अंगणात. मोहाखाली नाही, ओट्याच्या अगदी खाली, दारापासून चार हातांवर. चंदा अंगणाबाहेर उभी होती. म्हणाली, आज दिवस मावळायच्या आत.

आता थांबण्यात अर्थ नव्हता. उरलेल्या गोळ्या, ड्रॉपर आणि वेळा लिहिलेला कागद चंदाला दिला. "मी असो वा नसो, उद्या संध्याकाळपर्यंत. तुझ्या हाताचं ती घेईल." तिने एकदाच मान हलवली. चांगली मुलगी आहे. तिच्या कामाचा अहवाल मी नेहमी कंजूषपणे लिहिला.

चारच्या सुमाराला औषधाची बाटली घेऊन अंगणात शिरले. काळी आणि दार यांच्यामध्ये उभी राहिले. बाटली उघडून तळहातावर ओतली. नारिंगीचा वास सुटला. हात तिच्यासमोर धरला.

"भागीआजीने नाही. मी. हे मी पाजलं. मंगळीला मी पाजलं."

तिने हात हुंगला. हा वास तिने तीन दिवस पोरीच्या तोंडाला हुंगला होता, फक्त कोणाच्या हाताचा ते तिला ठाऊक नव्हतं. कान हळूहळू मागे गेले, पार डोक्याला चिकटले. मग मान वर करून ती माझ्याकडे बघू लागली. तिचे डोळे मी पहिल्यांदाच नीट पाहिले. पिवळे, मध्ये एक उभी काळी रेघ. ओळख झाल्यापासून मला तिने समोरून बघावं असं वाटत होतं ना? बघत होती.

"तिच्याकडं बघू नका!" चंदा ओरडली.

पळावंसं वाटलं. पण पळून जाणार कुठे, आणि मी गेले तर दारामागे म्हातारी. मी वळले आणि तिच्याकडे पाठ करून अंगणात बसले. एवढंच एक वाक्य मला तिच्या भाषेत येत होतं. आणि डोक्यात काय यावं? नऊ नंबरचं रजिस्टर भरायचं राहिलं.

मानेवर तिचा श्वास लागला. बराच वेळ. मी डोळे मिटले.

मग उजव्या खांद्यापासून कंबरेपर्यंत आग झाली. एकदाच. युनिफॉर्मचं कापड फाटल्याचा आवाज आधी आला, दुखलं नंतर. मी ओरडले. पुढचा फटका आलाच नाही. डोळे उघडले तेव्हा अंगण रिकामं होतं आणि मागे भागीआजीचं दार करकरत उघडत होतं.


मंगळवार, १६ सप्टेंबर

चार रेघा. टाके पडले नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन चंदाने दिलं. संदीप येऊन गेला, त्याला डोंगरावरून घसरले असं सांगितलं. त्याने पाठ पाहिली, मला पाहिलं, आणि म्हणाला, "डोंगराला नखं होती वाटतं." पुढे काही विचारलं नाही.

भागीआजी रोज लेप लावते. तोच, त्याच मुळीचा. गार वाटतं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, काळीने मला सोडलं. ती हसली.

"मारायची असती त नरडी धरली असती. तिनं तुला खूण केली."

"कसली खूण?"

"आता कंचाबी दबका येवो, तुझी पाठ बघंल न् समजंल. हिच्या हातचा खावाचा नाय."

बारा वर्षं ह्या हाताचा मला गर्व होता. बाळंतपणं, सलाइन, डोस. आता तो शेरा पाठीवर लिहिलाय आणि मला वाचताही येत नाही. रडू आलं, लेप लागतोय म्हणून सांगितलं.

सोमवारचा शेवटचा डोस चंदाने दिला. कपार आज सकाळी रिकामी दिसली. काळी मंगळीला घेऊन गेली. पोर चालत होती की तोंडात धरून नेली, कोणी पाहिलं नाही. जगली का, ते मला कळणार नाही.


शुक्रवार, १७ ऑक्टोबर

महिनाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एकच होतं, आणि त्याची बातमी नव्हती.

आज वाघबारस. शिवेवरच्या वाघोबाला पाड्याने शेंदूर लावला, नारळ फोडला. तीन वर्षांत मला पहिल्यांदा बोलावणं आलं. चंदा न्यायला आली होती. भागीआजीने मला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाली, "डोंगराकडं पाठ करून बस. हातात काय घेऊ नको."

आजच्या दिवशी दबके खाचराच्या बांधापर्यंत येतात. सगळे जण त्यांच्याकडे पाठ करून बसतात आणि तेही येऊन पाड्याकडे पाठ करून बसतात. बोलणं नाही, घास नाही. वर्षातून एकदा एवढंच. नैवेद्याच्या पानातला वडा मला भागीआजीने खाली ठेवायला लावला. मी पदराला हात पुसले आणि मांडीवर ठेवले.

सूर्य टेकडीला टेकला. मागे कापणीला आलेल्या भातात सळसळ झाली. चंदाला तिरक्या नजरेने बघण्याची सवय आहे. ती कुजबुजली, "काळी हाय, सिस्टर. उभी हाय. सगळी पाठ करून बसली, ती नाय. तुमच्याकडंच बघते."

"बघू दे," मी म्हटलं. "आणि..."

"थांबा."

भात पुन्हा सळसळलं, या वेळी खाली, जमिनीलगत. पावलं तीन नीट पडत होती, चौथं जरा जपून. माझ्या मागे येऊन थांबली. बाजूने नाक पुढे घालून मांडीवरची माझी बोटं हुंगली, उजवी, मग डावी. नाक ओलं होतं. मी श्वाससुद्धा घेतला नाही. ती एकदा शिंकली.

मग चार रेघांवर, पोलक्यातून, एक लहानशी पाठ टेकली.

गरम होती. ती गरमच असतात.